पांढरी पाठ

"पहले इसको मारो पानी," मॅनेजर वॉचमनला म्हणाला. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "तुम्हाला काय, सवयच असते."

वॉचमननं कॉक सोडला.

मस्कतजवळच्या रुसैलमधल्या आमच्या मार्बल फॅक्टरीचं आवार. जुलै महिना. पाईप दिवसभर उन्हात पडलेला, त्यामुळे पहिलं पाणी आलं ते उकळतं. छातीवर बसलं आणि मी ओरडलो. ओरडलो तसे ऑफिसातले दोघं-तिघं काचेपाशी बघायला आले. अंगात कपडे, पायात बूट. बुटांत पाणी भरलं. "घूमो," वॉचमन म्हणाला. मी फिरलो. मग पाठीवर, डोक्यावर, ढुंगणावर. ट्रक धुतात तसं म्हणणार होतो, पण ट्रक धुताना ड्रायव्हर काचा तरी वर करून घेतो. आमचं तोंडही कोणी झाकू दिलं नाही.

मार्बल कापणाऱ्याच्या अंगावर धूळ बसणारच. संध्याकाळपर्यंत भुवया, पापण्या, कानातले केस, सगळं पांढरं. त्यावर पाणी पडलं की धुळीचं चिकट पीठ होतं. ते काखेत, जांघेत जाऊन वाळतं आणि चालताना कातडी सोलतं. आधी आम्हाला खटारा बस होती. सीटा फाटलेल्या, दोन खिडक्यांना काचा नाहीत. तिच्यात आम्ही पांढरे बसायचो, पांढरे उतरायचो, कॅम्पवर, आमच्या राहायच्या जागी, जाऊन आंघोळ करायचो. कोणाचं काही म्हणणं नव्हतं. मग मालकानं नवी बस घेतली. एसी, मरून रंगाच्या मखमली सीटा. मॅनेजरनं तिला हार घातला, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवसापासून नियम काढला. कटिंग आणि पॉलिशवाल्यांनी बसमध्ये चढायच्या आधी रांगेत उभं राहून पाणी घ्यायचं. कपड्यांसकट. मग तसंच ओलंचिंब एसीत बसायचं. कॅम्पवर पोचेपर्यंत दात वाजायचे. ओमानच्या उन्हाळ्यात आम्हाला सर्दी व्हायची, सांगितलं तर कोणाला खरं वाटेल का?

रांगेत तर सगळेच होते, मग मलाच एवढं काय झोंबलं? ते "सवयच असते" झोंबलं. हिंदीत बोलला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मराठीत बोलला, म्हणजे ते खास माझ्यासाठी होतं.

मी चंद्रपूरकडचा. बाप कोळशाच्या खदानीत लोडर. जमिनीखाली जायचा, फावड्यानं रुळांवरचे टब भरायचा आणि काळा होऊन वर यायचा. मी आयटीआय केलं आणि नव्वदच्या दशकात, पंचविशीच्या आत, मस्कतला आलो. बापाची छाती तोवर कोळशानं खाल्ली होती. बसल्या जागी खोकायचा. घर माझ्या नोकरीवर चालत होतं, आणि ही गोष्ट मॅनेजरला ठाऊक होती.

तो पुण्याचा. त्याचं नाव मी घेणार नाही. माझं त्यानं कधी घेतलं?

मी आलो त्या दिवशीच त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं होतं. चेहरा काय फुलला होता! "अरे वा, मराठी माणूस! या या, बसा. इथे हिंदी बोलून बोलून तोंड दुखलं माझं." लगेच चहा सांगितला. मी खुर्ची ओढली. काळ्या रेक्झिनची, उंच पाठीची. बसणार तेवढ्यात त्यानं विचारलं, "गाव कोणतं?" गाव सांगितलं. "आडनाव?" आडनाव सांगितलं. आडनावावरून नक्की कळेना, म्हणून तिसरं विचारलं. "गावात कुठे घर?"

"बौद्धवाड्यात."

"अच्छा, अच्छा."

माझा हात खुर्चीच्या पाठीवर आणि मी उभा. तो पुन्हा बसा म्हणाला नाही. चहा आला. त्याचा कपबशीत, माझा कागदी ग्लासात. "बाहेर पी निवांत," म्हणाला. या या, बसा म्हणणारा माणूस चहा निवायच्या आत "पी"वर आला! मी बाहेर गेलो, जिन्यावर उभ्यानं चहा प्यालो. आल्याचा, चांगला गोड चहा होता. त्याची चव मला अजून येते आणि अजून डोकं फिरतं.

फॅक्टरीत एक इंग्रज होता, हॅरी. मोठ्या करवतीच्या मशीनचा फिटर. पन्नाशी ओलांडलेला, मान जाड, नाक कायम उन्हानं सोललेलं. गोऱ्यांना ऑफिसात जेवायची सोय होती, पण हा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या शेडमध्ये येऊन फरशीवर बसायचा. कोणाशी फार बोलायचा नाही. त्याचं इंग्रजी असं की मॅनेजरलाही कळायचं नाही; तो नुसतं "यस यस" करायचा आणि हॅरी गेला की कपाळावर आठ्या.

एक दिवस हॅरी माझ्या समोर बसला होता. टोपी काढून घाम पुसला, तर कपाळावर निळी रेघ. गोंदल्यासारखी. हातांवरही निळे ठिपके. मी खायचं थांबलो. माझ्या बापाच्या कपाळावर अशीच रेघ होती. दगड लागून जखम झाली, तिच्यात कोळशाची भुकटी गेली आणि वरून कातडी जुळून आली की ती भुकटी जन्मभर आतच राहते. निळी दिसते. आमच्या वस्तीत पोट्टेसुद्धा ओळखायचे, हा खदानीतला.

मी त्याच्या कपाळाकडे बोट केलं. "कोल?"

त्याचा घास तसाच राहिला. "तुला कसं माहीत?"

मी माझ्याच कपाळावर रेघ ओढून दाखवली. "माय फादर."

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायला लागला. हळू बोलायचा, हातवारे करायचा, कळलं नाही तर फरशीवरच्या धुळीत बोटानं चित्र काढायचा. जेवणाच्या सुटीत तुकड्या-तुकड्यानं त्यानं मला त्याचं सगळं खानदान सांगितलं.

उत्तर इंग्लंडमधलं एक गाव. गाव कसलं, खदानीच्या तोंडाशी बांधलेल्या चाळी. घरं मालकाची, दुकान मालकाचं, चर्चमधला पहिला बाकही मालकाचा. हॅरीचा पणजा दुधाचे दात पडायच्या वयात खाली गेला. त्याचं काम काय? अंधारात एका लाकडी दारामागे बसायचं. कोळशाचा टब आला की दोरी ओढून दार उघडायचं, गेला की लावायचं. दिवसभर एवढंच, आणि मेणबत्ती मिळायची नाही, कारण दार उघडायला उजेड कशाला लागतो? हे सांगताना हॅरीनं हातानं दोरी ओढून दाखवली. मालकाची बग्गी रस्त्यानं गेली की कामगारांनी टोपी काढून भिंतीला लागून उभं राहायचं. ज्यानं टोपी काढली नाही, त्याचं घर दुसऱ्या दिवशी रिकामं.

हे ऐकून मी हसलो. तो म्हणाला, "हसतोस काय?"

मी म्हणालो, "आमच्याकडे पायातली चप्पल काढून डोक्यावर घ्यायला लावायचे."

त्यानं डब्यातलं अर्धं सँडविच मला दिलं. मी माझी भाजी त्याला दिली, तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी मेल्यानं सगळी संपवली.

हॅरीचा आजा मात्र तापट. संपात पुढे असायचा. एका संपात मालकानं त्यांना घराबाहेर काढलं. हॅरीची आजी पलंग, भांडी, पाळणा घेऊन भर थंडीत रस्त्यावर बसली, आणि गावातल्या बायकांनी तिच्याभोवती आपापल्या खुर्च्या आणून मांडल्या, ती एकटी दिसू नये म्हणून. त्या आजीचं आणि आजाचं एका गोष्टीवरून कायम भांडण. आजा रोज घरी पत्र्याच्या टबात बसून सगळं अंग धुवायचा, पण पाठीला पाणी लावू द्यायचा नाही. जुन्या खाणवाल्यांची ती समजूतच होती. पाठ धुतली तर कणा नरम पडतो, खाली ओझं पेलत नाही. आजी ओरडायची, चादरी काळ्या होतात म्हणून. पण पाठीला हात लावला की तो घर डोक्यावर घ्यायचा.

मी म्हणालो, "माझ्या बापाची पाठ माझी माय धुते. दगडानं घासून."

"मग तुझा बाप माझ्या आजापेक्षा शहाणा," हॅरी म्हणाला.

आणि मग त्यानं बसचं सांगितलं. त्याच्या गावात बस आली तेव्हा खाणवाल्यांना सीटवर बसू द्यायचे नाहीत. तिकीट पुरं घ्यायचं आणि मागच्या फळीवर उभं राहायचं. मास्तरणीचा झगा खराब होतो, कारकुनाची कॉलर खराब होते. कंडक्टर त्यांच्यातल्याच कोणाचा तरी मुलगा, तोही म्हणायचा, मागे उभे राहा. आजा एकदा बसला. तसाच काळा, सीटवर. त्याला ओढून खाली टाकला. तेव्हापासून त्यानं एकच धोशा लावला, खदानीच्या तोंडाशी न्हाणीघर पाहिजे. गरम पाणी, साबण, कपाट. काळं तुमच्यासाठी झालो, ते तुमच्या दारात धुऊ आणि माणसासारखे घरी जाऊ. मालक म्हणाला, न्हाणीघर दिलं तर हे त्यात कबुतरं पाळतील! कित्येक वर्षं भांडले आणि न्हाणीघर मिळवलं. तिथे एक रिवाज पडला. शेजारी जो असेल त्याची पाठ तुम्ही घासायची, तुमची त्यानं. नाव विचारायचं नाही, भांडण असलं तरी नाही म्हणायचं नाही.

हॅरीचा बाप छातीनं गेला. हॅरी स्वतः खाली गेला तो शेवटचा. वर्षभर संप करून हरले, खदान बंद झाली, तोंडावर काँक्रीट ओतलं. मग हा आखातात आला.

मी एकदा चिडून म्हणालो, "तुम्ही लोकांनी आमच्यावर राज्य केलं की."

"माझ्या घरातलं कोणी नव्हतं त्यात," तो म्हणाला. "आम्ही खाली होतो."

"असाल खाली. पण इथे तुला एसीची खोली आणि मी बारा जणांत झोपतो."

तो लाल झाला. म्हणाला, "हो. ते खरं आहे." हो म्हणाला म्हणून मी त्याच्याशी बोलत राहिलो.

आता पाईपाच्या दिवसावर येतो. त्या संध्याकाळी बस चालवत होता हमीदभाई, दापोलीकडचा. मी आणि मॅनेजर सोडून मराठी समजणारा आवारात तो एकटाच. कॅम्पवर उतरताना त्यानं माझा दंड धरला. "मी ऐकलं हां त्याचं. सवय असते म्हणाला ना?" मी मान हलवली. "हरामखोर," हमीदभाई म्हणाला. "पण तू गप्प बस रे बाबा. पासपोर्ट त्याच्या कपाटात हाय."

शुक्रवारी सुटी. मी बूथवरून घरी फोन लावला. शेजारच्या दुकानात बापाला बोलावलं. नको नको म्हणताना सगळं सांगून बसलो.

"काय म्हणून राहिला तू?" बाप म्हणाला. "अंगावर पाईप मारते? बैल धुते तसा?"

"हो बाबा."

बापाला खोकल्याची उबळ आली. मग म्हणाला, "मी जिंदगीभर काळा होतो बे. पण माही पाठ तुही माय धुवे. गरम पाण्यानं, हातानं. मले पाईप नाही मारला कोणी."

"नोकरी जाईल बाबा. तुमची औषधं..."

"माह्या औषधापायी उभा राहून राहिला काय तू तिथं? मग मले ते औषध नको." आणि फोन ठेवून दिला. म्हाताऱ्यानं ठेवून दिला!

मी बूथबाहेर आलो. भीती नव्हती असं सांगणार नाही. भीती होतीच. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉचमननं पाईप उचलला आणि मी रांगेतून बाहेर आलो.

"मी पाणी घेणार नाही."

मॅनेजर जिन्यावर उभा होता. "मग बसमध्ये चढायचं नाही."

"नाही चढत."

त्याला वाटलं मी काम बंद करतोय. ओमानमध्ये तेव्हा संप म्हणजे थेट विमान. मी संप केलाच नाही. काम पुरं केलं, बस सोडली, एवढंच. गेटमधून बाहेर पडलो आणि रुसैलच्या मोठ्या रस्त्यानं कॅम्पकडे चालायला लागलो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. दुसऱ्या फॅक्टऱ्यांच्या बसमधून माणसं खिडकीला नाक लावून बघत होती. कॅम्प तासाभराच्या वर होता, घशाला कोरड पडली, पण खोटं कशाला बोलू, चालताना मला भारी वाटत होतं.

अर्ध्या वाटेत हॅरीची गाडी थांबली. "बस."

"तुझ्या अंगावर पण धूळ आहे," मी म्हणालो. "तुला कोण पाईप मारतं?"

"मी मदत करतोय."

"गाडीत घेऊन? आज घेशील, उद्या?"

त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला. मग गेला.

पुढच्या संध्याकाळी आम्ही रांगेत जायच्या आधीच हॅरी बसकडे आला. करवतीखालून निघालेला, आमच्याइतकाच पांढरा. कोणाला काही न विचारता बसमध्ये चढला आणि पहिल्या मरून सीटवर बसला. मॅनेजरनं बघितलं. वॉचमननं मॅनेजरकडे बघितलं. पाईप त्याच्या हातातच राहिला. "गुड इव्हनिंग, हॅरी," मॅनेजर म्हणाला. हसला!

तेव्हा रांगेतल्या झाडून सगळ्यांना कळलं. मला शंभरदा बोलून समजावता आलं नसतं ते त्या हसण्यानं समजावलं. प्रश्न सीटचा नव्हता. धुळीचा तर नव्हताच.

हॅरीनं आतून मला खूण केली, ये, बस शेजारी. मी मान हलवली. त्याच्या गोऱ्या कातडीच्या आडोशानं मला बसायचं नव्हतं. मी गेटकडे वळलो. मागे बुटांचे आवाज आले. वळून पाहिलं तर पॉलिशवाले येत होते, मग कटिंगवाले. पंजाबी, केरळी, तेलुगू, बांगलादेशी. सगळ्यात मागे पांडे, उत्तर प्रदेशचा, जो आमच्या पंगतीत कधी जेवला नाही, स्वतःचं ताट वेगळं ठेवायचा. तोही आला. रस्त्याच्या कडेनं पांढऱ्या माणसांची रांग, आणि मागून रिकामी बस, तिच्यात एकटा हॅरी. हमीदभाई मुद्दाम बैलगाडीच्या चालीनं बस चालवत होता आणि हॉर्न वाजवत होता.

असे चार-पाच संध्याकाळी चाललो. मग एक दिवस मालकाची गाडी रस्त्यात थांबली. म्हातारा ओमानी, डोक्याला मसरचा फेटा गुंडाळलेला. त्याला आम्ही अर्बाबच म्हणायचो. काच खाली झाली. "एश हादा? ये क्या है? बस खराब?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो. "बस साफ है, अर्बाब. हम गंदे हैं."

त्यानं आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं. मागे शेजारच्या फॅक्टरीच्या मालकाची गाडी थांबली होती, तोही पाहत होता. अर्बाबला आमची दया आली असं काही नाही. त्याची इज्जत रस्त्यावर चालत होती, आणि ती शेजारी बघत होता. "फॅक्टरी में हम्माम नहीं?" त्यानं विचारलं. "नहीं." "खलास," म्हणाला, "बनाओ. यल्ला." आणि काच वर.

आवाराच्या कोपऱ्यात सिमेंटच्या विटांचं न्हाणीघर उभं राहिलं. नळ, फरशी, खुंट्या. पाईप गुंडाळून ठेवला. पहिल्या दिवशी हॅरी आमच्यात आंघोळीला आला. शर्ट काढला, साबण माझ्या हातात दिला आणि पाठ केली. आईशपथ, ती पाठ माझ्या बापाची होती. गोरी, पण तेच निळे ठिपके, मणक्यावर खदानीच्या छताला घासलेली तीच खूण. मी घासली. मग त्यानं माझी घासली, चांगली जोर लावून. पोरांनी आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या, आणि मग जो तो शेजाऱ्याची पाठ घासायला लागला. पंजाब्यानं तेलुगूची, बांगलादेश्यानं केरळ्याची.

माझ्या पुढे पांडे होता. मी साबण घेऊन हात पुढे केला. त्यानं मागे वळून पाहिलं कोण आहे ते. माझ्याबरोबर रस्त्यानं चालला होता तो माणूस. "रहने दो," म्हणाला, "मेरा हो गया." टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाला. पुढून स्वच्छ, मागून पांढरा. हॅरीच्या आजाला पाठ धुतली तर कणा जाईल अशी भीती होती. पांडेला कशाची होती ते मला विचारावं लागलं नाही.

तो तसाच बसमध्ये बसला. मरून सीटवर पांढरा पट्टा. सकाळी मॅनेजरनं तो पाहिला आणि कोणी केला हे न विचारता मला बोलावलं. केबिनमध्ये नाही, न्हाणीघराच्या दारात.

"बाथरूम दिलं तरी घाण जात नाही तुमची. उद्यापासून हे रोज तू धुवायचं. बाजूचे संडास पण. मशीनचं काम झालं की."

"पाळी लावा," मी म्हणालो. "सगळे वापरतात, सगळे धुतील. पहिला दिवस माझा."

"पाळी? पांडेला संडास धुवायला लावू? शुद्धीवर आहेस का?"

"मग मला का लावता?"

तो मिशीत हसला. "ते मी सांगायला पाहिजे का?"

"हो. सांगा. मराठीत नको, हिंदीत सांगा. सगळ्यांना ऐकू द्या."

मागे पोरं उभी होती, पांडेही होता. मॅनेजरच्या मानेची शीर फुगली. मनात जे होतं ते त्याला सगळ्यांसमोर बोलता येईना. शेवटी म्हणाला, "तिकीट काढतो तुझं."

"काढा."

माझ्या बाजूनं कोणी बोललं का? हमीदभाई बोलला, त्याला गप्प केलं. हॅरी अर्बाबकडे जाऊन आला, अर्बाब म्हणाला, मॅनेजरचं काम मॅनेजर बघेल, इन्शाल्ला. बाकीचे खाली बघत राहिले. त्यांची घरं होती. माझंही होतं.

शेवटच्या आठवड्यात मी हॅरीला विचारलं, "तुझा आजा, ज्यानं न्हाणीघर मागितलं, तो पहिल्या दिवशी आंघोळ करून काय म्हणाला?"

हॅरीनं डबा बंद केला. "तो तिथे कधी आंघोळ करू शकला नाही. न्हाणीघर झालं त्या वर्षी त्याला काढून टाकला. आसपासच्या कुठल्याच खदानीनं घेतला नाही. घरी टबातच धुवायचा. पाठ सोडून."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू थांबला असतास."

"मी तुझ्या आजासाठी नव्हतो चाललो," मी म्हणालो. पण त्याचा राग आला नाही. निघताना त्यानं हात पुढे केला, मी तो हात नीट दाबला.

पासपोर्ट घ्यायचा होता त्या दिवशी मी दुपारपर्यंत मशीनवर काम केलं. वॉचमन म्हणाला, आंघोळ करून ये, साब बुला रहा है. मी आंघोळ केली नाही. तसाच जिना चढलो, केबिनचं दार उघडलं. तीच काळी खुर्ची. मी ती ओढली आणि बसलो. मागे टेकून, पाठ पुरी लावून.

"अरे अरे, खुर्ची!" मॅनेजर अर्धा उठला.

"बसलोय," मी म्हणालो. "चहा सांगा. कपबशीत."

चहा आला नाही. त्यानं पासपोर्ट टेबलावरून ढकलला. मी तो उचलला, प्रत्येक पान उलटून पाहिलं, सावकाश. तो घड्याळाकडे बघत होता, मी त्याच्याकडे. तो मला ऊठ म्हणू शकला नाही. मग मी माझ्या मर्जीनं उठलो. रेक्झिनवर माझी पाठ उमटली होती. खांदे, कंबर, मधला कणा. ती पुसून जायचा विचारही मनात आला नाही.

बाप विमानतळावर येऊ शकला नाही. घरी गेलो तर ओसरीत बसला होता. "पाणी ठेव वं," मायला म्हणाला, आणि मायनं माझी पाठ धुतली. दोन वर्षांनी तो गेला. औषधं मला इथल्या पगारात पुरी झाली नाहीत, हेही लिहून ठेवतो. त्याची किंमत आम्ही दिली, आणि ती द्यायला लावणारे कोण होते ते मी विसरलेलो नाही.

पाईपाखाली मी पुन्हा उभा राहणार नाही. माझी पोरं राहणार नाहीत. आणि मी उभा राहिलो नाही म्हणून दुसऱ्या कोणाला रांगेत पुढे ढकलणार असतील, तर त्याच्या पुढे मी उभा राहीन आणि पाईप धरणाऱ्याचा हात धरीन.

आजही नवीन ठिकाणी कामाला गेलो की कोणीतरी साहेब चेहरा फुलवून विचारतो. गाव कोणतं? आडनाव? गावात कुठे घर? मी काही लपवत नाही. पण आधी खुर्ची ओढतो. बसतो. पाठ टेकतो. मग सांगतो.